फॅट बाइकचा (खूप रुंद टायरच्या सायकलचा) वाकलेला पुढचा फोर्क काढून सस्पेन्शनचा नवा फोर्क घरीच बसवता येईल का?

बसवता येईल. मात्र पाना हाती घेण्याआधी मापे घ्यावीत, कारण चुकीच्या मापाचा फोर्क कितीही काळजीपूर्वक बसवला तरी उपयोगाचा नसतो.

पहिले माप स्टीअरर नळीचे, म्हणजे फोर्कपासून वर हँडलकडे जाणाऱ्या नळीचे. ती वरपासून खालपर्यंत सरळ २८.६ मिमी जाडीची आहे की तळाशी दीड इंचापर्यंत रुंद होत जाणारी, हे जुन्या फोर्कवर पाहावे. सरळ नळीचा फोर्क रुंद तळाच्या फ्रेममध्ये योग्य क्राउन रेस (खालचे बेअरिंग जिच्यावर टेकते ती फोर्कवरची कडी) वापरून बसवता येतो. रुंद तळाच्या नळीचा फोर्क मात्र ३४ मिमीच्या अरुंद हेड ट्यूबमध्ये (स्टीअरर नळी जिच्यात बसते त्या फ्रेमच्या पुढच्या नळीत) मुळीच जमत नाही. दुसरे माप हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, आणि फॅट बाइकमध्ये खरी अडचण इथेच येते. जुन्या फोर्कमध्ये बहुधा १३५ मिमी रुंदीचा, क्विक रिलीजचा (छोटी दांडी उलटवून सुटणारा) हब असतो, तर आजचे सस्पेन्शन फोर्क प्रामुख्याने १५० मिमी रुंदीचे आणि १५ मिमी जाडीच्या थ्रू ॲक्सलचे (फोर्कच्या दोन्ही पायांतून आरपार जाणाऱ्या आसाचे) असतात. अशा वेळी फोर्कबरोबर हब किंवा पूर्ण चाकच बदलावे लागते, हे खर्चात आधीच धरावे. तिसरे माप ॲक्सलपासून क्राउन रेसच्या बैठकीपर्यंतच्या उंचीचे. ही उंची साधारण २० मिमीने वाढली की हेड ट्यूबचा कोन सुमारे एका अंशाने कलतो आणि हँडल सुस्त वाटू लागते. स्वाराच्या वजनाने सस्पेन्शन थोडे दबत असल्यामुळे यातला काही फरक भरून निघतो, पण सगळा नाही.

काढताना चाक आणि ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) आधी सोडवावा व चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नये. स्टेमचे (हँडल स्टीअरर नळीला जोडणाऱ्या भागाचे) बोल्ट सैल केल्यावर फोर्क खाली निसटतो, म्हणून तो एका हाताने धरून ठेवावा. बेअरिंग कोणत्या बाजूने बसले होते याचा फोटो काढून ठेवलेला बरा. क्राउन रेसला चीर असेल तर ती हाताने निघते. नसेल तर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके ठोकून वर आणावी आणि नव्या फोर्कवर बसवताना तिच्या फक्त आतल्या कडेवर टेकेल अशी नळी वापरून सरळ ठोकावी.

नळी कापण्याची घाई करू नये. नवा फोर्क फ्रेममध्ये घालून, स्पेसर (नळीवर बसणाऱ्या कड्या) आणि स्टेम लावून खूण करावी, शंका असल्यास एक स्पेसर जास्तीचा धरावा, आणि सर्वांत वरच्या भागाच्या काठापेक्षा नळी ३ मिमी खाली राहील अशी कापावी. जुना स्टेम नळीवर आवळला की हॅकसॉला सरळ आधार मिळतो. कापलेली कड कानशीने साफ करून स्टार नट (वरच्या टोपीचा बोल्ट ज्यात आवळतो तो नळीतला नट) सुमारे १५ मिमी आत ठोकावा. नळी कार्बनची असेल तर स्टार नट अजिबात वापरू नये; तिच्यासाठी आतून फुगणारा प्लग मिळतो.

वरच्या टोपीचा बोल्ट फोर्क धरून ठेवतो असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो बेअरिंगमधली ढिलाई काढण्यापुरताच असतो. फोर्कला धरून ठेवण्याचे काम स्टेमचे बोल्ट करतात. म्हणून ते सैल ठेवून आधी टोपीचा बोल्ट ढिलाई जाईपर्यंतच फिरवावा, चाक व कॅलिपर परत बसवून हँडल चाकाच्या रेषेत आणावे आणि मग स्टेमचे बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या टॉर्कपर्यंत, म्हणजे सहसा ५ ते ६ न्यूटन-मीटर, आवळावेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवताना हेडसेटच्या (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या संचाच्या) सांध्यावर बोट ठेवले की उरलेली ढिलाई लगेच जाणवते.

फोर्क एअरचा, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा असेल तर एक तपासणी राहते आणि रुंद टायरमुळे ती टाळता येत नाही. फोर्कमधली हवा पूर्ण सोडून तो तळापर्यंत दाबावा आणि टायर क्राउनला (फोर्कचे दोन पाय वर जोडणाऱ्या भागाला) किंवा खालच्या पायांना जोडणाऱ्या कमानीला टेकत नाही ना, ते पाहावे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून फोर्कवरच्या घुंड्या डाउन ट्यूबला (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीला) लागत नाहीत याचीही खात्री करावी. टायरच्या दोन्ही बाजूंना निदान ६ मिमी मोकळी जागा नसेल तर चिखल अडकून फोर्क घासला जाईल; त्या फोर्कवर कमी रुंदीचा टायर लावावा.