जुना लष्करी ट्रक घरी सांभाळता येतो का? चांगला मेकॅनिक असेल तर मॅन्युअल कशाला?

येतो. पण प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि हात शिवशिवले, म्हणून आधी त्याच्यावर बोलतो.

आमच्याकडे १९४३ची जीएमसी सीसीकेडब्ल्यू आहे, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्करी गाडी. अडीच टनी, सहाही चाकांना ताकद जाते. बाबांनी घेतली तेव्हा ती कित्येक वर्षं एका जागी उभी होती. पहिलं काम ठरलं ते चाकं उतरवून ब्रेक बघायचं. उजवीकडचं पुढचं चाक अर्ध्या तासात निघालं. डावीकडचं काही केल्या हलेना.

दादा आमच्या घरातला मेकॅनिक. पंचवीस वर्षं गाड्या उघडतोय आणि त्याचा हात खरंच चांगला आहे. त्याचं निदान: गंज. मग नटांवर डिझेल सोडलं, रात्रभर भिजू दिलं. सकाळी घणाने ठोकलं, गॅसने नट लाल केले. शेवटी पान्याला चार फुटी पाईप चढवला. पहिला स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो बोल्ट, तुटला तेव्हा दादा म्हणाला, "गंजून पोकळच झाला होता." दुसरा तुटला तेव्हाही हेच. तिसऱ्यानंतर मी तारेचा ब्रश घेऊन उरलेल्या स्टडचं टोक घासलं. रंगाच्या थरांखाली 'एल' हे अक्षर उठलेलं होतं.

डाव्या बाजूचे आटे उलटे! दोन दिवस आम्ही नट सोडवत नव्हतो, जिवाच्या करारावर आवळत होतो. चाकाच्या फिरण्याने नट आपोआप सुटत जाऊ नयेत म्हणून त्या काळच्या बऱ्याच जड ट्रकांना डावीकडे उलटे आटे असत. मॅन्युअलमध्ये ही गोष्ट एका ओळीत आहे. ते मॅन्युअल त्या वेळी सीटखाली होतं, म्हणजे आमच्यापासून चार हातांवर.

तुटलेले स्टड बदलायचे तर हब काढावा लागला, ड्रम काढावा लागला. आत ब्रेकचा सिलिंडर जाम आणि सील गळून लायनिंग ग्रीसने माखलेलं. तेव्हापासून दादा सांगत सुटलाय, की स्टड तुटले म्हणून तर ते सापडलं. अहो, आपण ब्रेक बघायलाच चाक काढत होतो ना!

तर मुद्दा असा, की चांगल्या मेकॅनिकलाच मॅन्युअल जास्त लागतं. नवख्याला निदान शंका तरी येते. अनुभवी माणूस इतर गाड्यांवरून अंदाज बांधतो, आणि हे ट्रक इतर गाड्यांसारखे नसतात. आमची गाडी ६ व्होल्टची आहे. तेवढ्याच कामाला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून वायरी जाड हव्यात आणि अर्थिंग घासून लख्ख हवं. लोक बारीक वायर घालतात, स्टार्टर रडायला लागला की '६ व्होल्टमध्ये दमच नाही' म्हणत सगळं बदलून टाकतात. दम नसतो तो त्या बारीक वायरीत.

ब्रेकचं सर्किट एकच आहे. एका चाकाच्या ब्रेक सिलिंडरमधला रबरी कप (ऑइल अडवणारं सील) गळला की सहाही चाकांचे ब्रेक जातात. गाडी फिरण्यापेक्षा उभीच जास्त राहणार असेल तर सिलिकॉनचं ब्रेक ऑइल घाला, ते हवेतला ओलावा शोषत नाही. पण जुन्या ऑइलमध्ये मिसळायचं नाही. लाइन पूर्ण साफ, कप सगळे नवे, आणि ओतायचं सावकाश, नाहीतर बुडबुडे अडकतात आणि पेडल मऊ राहतं.

सुटे भाग? या मॉडेलचे मिळतात, साडेपाच लाखांवर गाड्या बनल्या होत्या. दुसऱ्या मॉडेलचं त्या त्या गाडीवर अवलंबून. मेणकागदात गुंडाळलेले, 'न वापरलेले' युद्धकाळातले लोखंडी भाग बिनधास्त विकत घ्या. रबरी सील मात्र नकोच. रबर डब्यातही म्हातारं होतं.

एक राहिलं, खरं तर हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. या चाकांना लॉक रिंग असते, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी. चाक सोडवण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, आणि परत भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा. रिंग उडाली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. हवा भरलेल्या टायरशेजारी आम्ही गॅस पेटवला होता, त्यानेही टायर फुटू शकतो. त्या दिवशी आम्ही वाचलो ते निव्वळ नशिबाने, त्यात दादाच्या अनुभवाचा काही हात नाही.

दादा हे वाचणारच, म्हणून लिहून ठेवतो: पाईप त्याने आणला होता. त्याला लटकलो मी, तेवढं कबूल.