बर्फातले बोकडाचे भिंग पांढरे पडले, ते बाद झाले का?

तुमचा प्रश्न असा: ठाण्यात मटणवाल्याकडून बोकडाचे डोळे घेतले, बर्फाच्या डब्यातून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीच्या कॉलेजात नेले, पण डोळा उघडला तर भिंग मधोमध दुधट. ते टाकून द्यायचे का? आणि हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थेत मोहन राव यांनी आल्फा-क्रिस्टलिन या भिंगातल्या प्रथिनावर केलेला प्रयोग एम.एस्सी.च्या प्रकल्पात जमेल का?

टाकू नका. भिंग ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात घालून ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये १५ मिनिटे ठेवा. मग ते छापील कागदावर ठेवून पाहा. मधला ढग विरून खालची अक्षरे दिसू लागली, तर तो निव्वळ कोल्ड कॅटरॅक्ट होता. कोवळ्या जनावराच्या भिंगाच्या गाभ्यात गॅमा-क्रिस्टलिन हे प्रथिन दाटीने भरलेले असते. थंडीत त्या द्रावणात काही ठिकाणी प्रथिन जास्त, काही ठिकाणी कमी अशी फूट पडते आणि प्रकाश विखुरतो. ऊब लागली की ते पुन्हा एकजीव होते, प्रथिनाचे काही बिघडत नाही.

पांढरेपणा गेलाच नाही, तर मात्र चूक शोधावी लागेल. बहुतेक वेळा भिंग डिस्टिल्ड वॉटरने धुतलेले असते (पाणी आत शिरून ते फुगते), किंवा कात्रीचे टोक आवरणाला लागलेले असते, किंवा डोळे फ्रीझरमध्ये गोठलेले असतात. म्हणून डोळे थेट बर्फावर ठेवू नका, मध्ये कापड घाला, आणि त्याच दिवशी कापा. बुबुळाच्या बाजूने न कापता मागून, पांढऱ्या भागात चीर द्या. काचरस (डोळ्यातला जेलीसारखा द्रव) बाहेर येऊ द्या, मग भिंगाभोवतीचे तंतू वक्र कात्रीने सोडवा.

आल्फासाठी भिंगाचा बाहेरचा मऊ थरच घ्या. आवरण काढून भिंग १ ग्रॅमला १० मिली बफरमध्ये (५० मिलिमोलर ट्रिस, १०० मिलिमोलर मीठ, १ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ७.४) हलके ढवळा. थर सुटून येतो, कडक गाभा उरतो, तो काढून टाका. सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर ३० मिनिटे फिरवून वरचे द्रावण सेफॅक्रिल एस-३०० च्या कॉलमवर (यात मोठी प्रथिने आधी, लहान नंतर बाहेर येतात) चढवा. पहिले मोठे शिखर आल्फाचे, कारण त्याचा गठ्ठाच सुमारे ८ लाख डाल्टनचा असतो. नंतर बीटा, शेवटी गॅमा. जेलवर मात्र आल्फाची पट्टी २० हजारांच्या आसपास दिसते, त्याने गोंधळू नका. तो एकेका साखळीचा आकार आहे.

आता मुख्य प्रयोग. भिंगाच्या फायबर पेशी केंद्रक आणि मायटोकाँड्रिया गमावतात, त्यामुळे गाभ्यातले प्रथिन जन्मभर बदलत नाही. बिघडू लागलेल्या प्रथिनाला आल्फा धरून ठेवते, त्याच्या गुठळ्या होऊ देत नाही. हे काम जोसेफ हॉरविट्झ यांनी १९९२ साली दाखवले. १९९४ साली रामन आणि मोहन राव यांनी दाखवले, की ३० अंशांच्या वर ही ताकद कित्येक पटींनी वाढते, कारण एरवी आत दडलेले पाण्याला टाळणारे पृष्ठभाग उघडे पडतात. मला यातले हेच सर्वांत सुंदर वाटते, आणि तुमचा प्रकल्प नेमका इथेच फसू शकतो. 'रूम टेंपरेचर' लिहून मोकळे होऊ नका. एसी चालू असेल तर २४ अंश, बंद असेल तर एप्रिलच्या दुपारी नवी मुंबईत ३२. दोन्ही आकडे त्या ३० च्या अल्याड-पल्याड आहेत.

या प्रयोगात बिघडवायचे प्रथिन म्हणजे इन्सुलिन. शुद्ध इन्सुलिन पावडर २० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ५ मिग्रॅ/मिली विरघळवा. औषधाच्या दुकानातल्या कुपीत जस्त आणि क्रेसॉल असते, ती नको. १ मिली फॉस्फेट बफरमध्ये (५० मिलिमोलर, पीएच ७.४) हे ६० मायक्रोलिटर घाला, म्हणजे ०.३ मिग्रॅ होते. आल्फा ०, ०.१५ आणि ०.३ मिग्रॅ घ्या. क्युव्हेट (मोजणीची छोटी पारदर्शक नळी) ठरलेल्या तापमानाला १० मिनिटे ठेवा, मग १ मोलर डीटीटीचे २० मायक्रोलिटर टाका. डीटीटी इन्सुलिनच्या साखळ्यांमधले गंधकाचे बंध तोडते आणि त्याच्या गुठळ्या होऊ लागतात. डीटीटी त्याच दिवशी बनवलेले हवे, नाहीतर गढूळपणा येतच नाही आणि आल्फाने कमाल केली असे उगीच वाटते. ३६० नॅनोमीटरवर गढूळपणाचे दर ३० सेकंदांनी अर्ध्या तासापर्यंत वाचन घ्या.

२५ आणि ३७ अंशांना हे सगळे करा, आणि दोन्ही तापमानांना नुसत्या इन्सुलिनचे वाचन वेगळे घ्या. तापमान वाढले की इन्सुलिन स्वतःही लवकर गुठळ्या करते. २५ चा कंट्रोल ३७ च्या आकड्यांना लावला तर आल्फाचे काम होते त्याहून कमी दिसेल.