आग्रह नसलेल्या घरी तीन दिवस

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी लीड्सला एम.एस्सी. करते आहे. तिच्या शेजारच्या खोलीतल्या इंग्रज मैत्रिणीनं तिला आणि आणखी दोघींना ऑगस्टच्या शेवटी शनिवार, रविवार, सोमवार असं आपल्या आईवडिलांच्या घरी बोलावलंय. स्किप्टनजवळ खेड्यात घर आहे. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. मुलगी लाजाळू आहे, मागून घेऊन खाणारी नाही. तिच्या गळ्यात इष्टलिंग आहे आणि रोजची पूजा ती चुकवत नाही. त्या घरात मोठा कुत्राही आहे म्हणे. पाठवावं का? तिनं तिथं कसं राहावं?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : जाऊ द्या तिला. अभ्यासाच्या वर्षात असे तीन दिवस फार मोलाचे असतात, आणि कुणी आपल्या आईवडिलांच्या घरी नेतंय म्हणजे मैत्री खरी आहे.

मी बाळीवेशीतली. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं लीड्सजवळ राहिलो. तिथं पहिल्यांदा एका कुटुंबाकडं मुक्कामाला गेले, तेव्हा जेवताना बाईंनी विचारलं, आणखी बटाटे घेणार का? मी आपल्या सवयीनं म्हटलं, नको, नको. त्या बरं म्हणाल्या आणि भांडं पुढं सरकवलं. मी वाट बघत बसले. आपल्याकडं पाहुणा दोनदा नाही म्हणतो आणि तिसऱ्यांदा ताटात पडतंच ना! तिथं दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. त्या रात्री मी अर्धपोटी झोपले आणि मनातून फार दुखावले. माणसं कोरडी आहेत, असं पक्कं ठरवून टाकलं.

ते माझं चुकलं होतं. त्यांच्या लेखी पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास नसणं. तुम्ही नको म्हणालात, त्यांनी तुमचा मान राखला. म्हणून लेकीला एवढी एकच गोष्ट नीट बजावा : हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हण. भूक लागली, थंडी वाजतेय, आणखी एक पांघरूण हवंय, सगळं सांगायचं. सांगितलं की त्यांना बरंच वाटतं.

खाण्याचं मात्र आठवडाभर आधीच मैत्रिणीला सांगून ठेवायला हवं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही, कारण तिथले बहुतेक शाकाहारी अंडी खातात. अंडं, मासा, मांस चालत नाही. दूध, दही, लोणी चालतं, असं सरळ लिहून पाठवावं. रविवारी दुपारी मोठं जेवण असतं, भट्टीत भाजलेलं मांस आणि त्याच्याभोवती बाकीचं सगळं. यॉर्कशायर पुडिंग या नावावर जाऊ नये. ते गोड नसतं, मैदा, दूध आणि अंड्याचं फुगलेलं वाटीसारखं असतं. भाजलेले बटाटे बघून आपल्याला वाटतं हे तर आपलंच, पण पुष्कळ घरांत ते जनावराच्या चरबीत भाजतात. वरचा तपकिरी रस्सा, ग्रेव्ही, हाही मांसाच्याच रसाचा. आधी कळवलं तर तिच्यासाठी बटाटे तेलात वेगळे भाजतील, भाज्या भरपूर असतातच. त्या भागात वेन्स्लीडेल चीज फळांच्या केकबरोबर खातात. केकमध्ये अंडं असतं, आणि काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या द्रव्यानं दूध घट्ट करून केलेलं असतं. वेष्टनावर शाकाहारी असल्याचं लिहिलंय का, तेवढं बघावं.

आणखी एक, वेळेचं. यॉर्कशायरमध्ये, म्हणजे लीड्स-स्किप्टनच्या त्या भागात, पुष्कळ लोक दुपारच्या जेवणाला 'डिनर' आणि संध्याकाळच्या जेवणाला 'टी' म्हणतात. साडेपाचला टी आहे असं कुणी सांगितलं तर तेच रात्रीचं जेवण. नऊ वाजता पुन्हा पानं मांडली जात नाहीत.

पूजेची काळजी करू नका. सकाळी अर्धा तास मला खोलीत एकटीला बसायचंय, प्रार्थना असते, इतकं सांगितलं की दारावर टकटकसुद्धा होणार नाही. एकांत मागणाऱ्याला एकांत देण्यात त्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. मात्र उदबत्ती विचारल्याशिवाय लावू नये, छताला धुराची सूचना देणारं यंत्र असतं.

न्हाणीघराचं लाजू नका, स्पष्ट सांगा. आपल्या मोरीसारखा जमिनीला उतार नसतो, पाणी जायला वाटही नसते. काही घरांत तर खाली गालिचा असतो. टबात उभं राहून अंघोळ करायची आणि पडद्याचं टोक टबाच्या आत सोडायचं. बाहेर सांडलेलं पाणी खालच्या खोलीच्या छतातून ठिबकतं. दिव्याचं बटण भिंतीवर सापडलं नाही तर छतावरून लोंबणारी दोरी ओढायची.

कुत्र्याची भीती वाटत असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगावं, ते त्याला दुसऱ्या खोलीत ठेवतील.

आता मला ज्याबद्दल खरं लिहायचंय ते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वेळ अशी येईल की सगळे गप्प बसतील. वडील शब्दकोडं घेऊन, आई बागेत गुडघ्यावर, मैत्रीण सोफ्यावर पुस्तकात, टेबलावर हजार तुकड्यांचं अर्धवट चित्र. कुणी तिच्याशी बोलणार नाही. आपल्या घरात पाहुणा असा बसला तर आपण कासावीस होतो, चहा टाकतो, अल्बम काढतो, शेजारणीला हाक मारतो. तिथं हीच सुट्टी. पाहुण्याला गुंतवून ठेवायचं नाही, त्याला सैल सोडायचं. 'घर आपलंच समज' हे त्यांनी म्हटलं तर शब्दशः घ्यावं. किटली लावावी, स्वतःचा चहा करावा आणि बाकीच्यांनाही विचारावं, कुणाकुणाला हवा? एवढ्यानं ती त्या घरातली होऊन जाते. मला हे कळायला दुसरी खेप लागली. त्या दुपारी मी खिडकीत बसून दोन तास नुसता पाऊस बघितला. लग्नानंतर इतकी निवांत मी कधी बसले नव्हते.

ती सोमवारची सुट्टीही मुळात विश्रांतीसाठीच. जॉन लबक नावाच्या खासदारानं १८७१ मध्ये बँकांना सुट्ट्या देणारा कायदा करून घेतला, म्हणून नाव बँक हॉलिडे. ऑगस्टची सुट्टी तेव्हा महिन्याच्या पहिल्या सोमवारी असे, आता इंग्लंडमध्ये ती शेवटच्या सोमवारी असते.

फिरायला नक्की नेतील. ऑगस्टअखेर तिथल्या माळांवर हेदर फुललेलं असतं, डोंगरच्या डोंगर जांभळे. सूर्य आठच्या सुमारास मावळतो, पण संध्याकाळी गारठा पडतो. सोलापूरच्या मुलीला स्वेटर, पावसाचं जाकीट आणि चिखलात चालतील असे बूट लागतीलच. पायवाटा शेतकऱ्यांच्या कुरणांतून, मेंढ्यांमधून जातात. पिवळा बाण दिसला की ती पायी जाणाऱ्यांची हक्काची वाट. फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवायचं, बंद असेल तर मागं बंद करायचं. पबमध्ये गेले तर प्रत्येक जण पाळीनं सगळ्यांसाठी पेयं आणतो. आपण संत्र्याचा रस प्यायलो तरी आपली पाळी चुकवू नये.

जेवणानंतर भांडी पुसायला पुढं व्हावं. निघताना पांघरुणाची घडी घालावी आणि लीड्सला पोचल्यावर आईवडिलांच्या नावानं हातानं लिहिलेलं कार्ड टपालानं पाठवावं. सुट्टीच्या दिवसांत रुळांची कामं काढतात, गाडीऐवजी बस सोडतात, तेव्हा परतीची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवावी.

प्रश्न : मी मँचेस्टरला शिकतो. वडील यंत्रमागावर कामाला आहेत. मित्राच्या घरी सुट्टीला जायचंय. आई शेंगाचटणी आणि पेढे पाठवते म्हणतेय. नेऊ का?
— अशोक चौकातला एक मुलगा

उत्तर : पेढे नकोत बाळा, भारतातून दुधाचे पदार्थ तिकडं नेता येत नाहीत. चटणीचं मित्राला आधी विचार. तिथं शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली माणसं पुष्कळ भेटतात, आणि ती जिवावर बेतू शकते. त्या घरात कुणाला तसं असेल तर पुडा फोडूही नकोस, शेंगदाण्याचा हात लागलेला चमचासुद्धा नको.

वडिलांच्या हातची एक चादर ने. जड आहे, सामानात जागा खाईल, तरी तीच ने. मँचेस्टर एकेकाळी कापडगिरण्यांचं शहर होतं, तिथल्या पुष्कळांच्या पणज्या मागांवर उभ्या राहिल्यात. चादर उलटून दाखव, मागच्या बाजूला नक्षीचे रंग कसे अदलाबदल होतात ते. आणि वडील कोणत्या पाळीला असतात, मागाचा आवाज घरात किती येतो, हेही सांग. ते विचारतील.