पेट्रोलचं रडगाणं आणि महिन्याचा हिशोब

काय रे,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, पगार वाढला तरी वीस तारखेनंतर पेट्रोलला पैसे उरत नाहीत, वर सिलेंडर आणि भाजीचं वेगळंच, आता इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ का वगैरे. घाई करू नकोस. आधी एक सांग, महिन्याला पेट्रोलवर नक्की किती जातात? "चार-पाच हजार असतील" हे उत्तर नाही झालं. तू दर दोन-तीन दिवसांनी दोनशेचं टाकतोस आणि फोनने पैसे देऊन मोकळा होतोस, मग आकडा कळणार कुठून? पुढचा एक महिना दर वेळी टाकी फुल कर, किलोमीटरचं रीडिंग आणि लिटर मोबाईलमध्ये लिही, बाकी काही करू नकोस. स्कूटरचा खरा अ‍ॅव्हरेज तेव्हा कळेल, शोरूमवाल्याने सांगितलेला सोडून दे. आणि आता सगळीकडे ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, जुन्या गाडीला अ‍ॅव्हरेज थोडा कमीच मिळतो, ते धरूनच चाल.

तोवर मी ढोबळ मांडून बघितलं. वाघोलीचं घर ते कोथरूडचं ऑफिस, जाऊन-येऊन ४५ किलोमीटर धर, अ‍ॅव्हरेज ४५ आणि पेट्रोल १०५ रुपये. म्हणजे रोज एक लिटर, २२ दिवसांचे २३१०. हीच फेरी तू कारने केलीस तर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये १५ चा अ‍ॅव्हरेज मिळाला तरी नशीब, रोजचे ३१५, महिन्याचे ६९३०. आता कळलं का भोक कुठे आहे? पावसाचं, कंटाळ्याचं, "आज उशीर झाला"चं निमित्त करून आठवड्यातून दोन-तीनदा तू कार काढतोस ना, ते आहे ते. एकट्या माणसासाठी पाच सीटची गाडी खराडी बायपासच्या सिग्नलला उभी ठेवायची आणि मग सरकारला शिव्या घालायच्या. सरकारला घालायच्या तर घाल, पेट्रोलच्या भावात टॅक्स भरपूर आहेच, पण त्याने तुझं बजेट जमणार नाही.

मेट्रोचं म्हणशील तर रामवाडी ते वनाज लाईन मार्च २०२४ पासून पूर्ण चालू आहे. एका बाजूचं तिकीट तीसच्या आसपास धर. वाघोलीहून रामवाडीपर्यंत स्कूटर, तिथून मेट्रो, असं केलंस तर महिन्याचं तिकीट १३२० आणि स्कूटरचं पेट्रोल ८००-८२५, शिवाय पार्किंग. म्हणजे स्कूटरच्या तुलनेत फारसं काहीच वाचत नाही, सगळे मेट्रो मेट्रो करतात पण टू-व्हीलरवाल्याला पैशाच्या हिशोबात ती थोडीच परवडते. वाचते ती कंबर आणि डोकं. पण कारच्या दिवशी मेट्रो घेतलीस तर त्या दिवसाचे दोनशेच्या वर वाचतात. म्हणून नियम साधा ठेव, पाऊस असला की मेट्रो, नसला की स्कूटर. कार शनिवार-रविवारी, दोघं असाल तेव्हाच.

घर बदलायचं मनात आलं असेल, पण तुझ्या बायकोचं ऑफिस खराडीला, तुम्ही कोथरूडला गेलात तर तिची फेरी सुरू होणार आणि भाडं वाढणार ते वेगळंच. राहा तिथेच.

इलेक्ट्रिक स्कूटर चांगली आहे, वाईट म्हणणार नाही. ४५ किलोमीटरला दीड-दोन युनिट लागतील, म्हणजे वीस-पंचवीस रुपयांत काम. महिन्याला १८०० च्या आसपास वाचतील. पण तुझी स्कूटर चालती आहे, हप्ते फिटलेत. लाखाची नवीन घेऊन तीन-साडेतीन हजाराचा हप्ता मागे लावायचा आणि अठराशे वाचवायचे, हे कुठलं गणित? जुनी काढायची वेळ येईल तेव्हा घे, आणि त्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट देतात का ते लेखी विचार, नाहीतर चौथ्या मजल्यावरून वायर सोडत बसशील.

बाकी पंपावरचे सल्ले कोणी देईल, सकाळी थंडीत भर, शंभरचं न टाकता एकशेदहाचं टाक, यात काही दम नाही. टाकी जमिनीखाली असते, सकाळ काय नि दुपार काय. मीटरवर शून्य बघायचं आणि संशय आला तर पाच लिटरचं माप मागायचं, ते पंपावर ठेवावंच लागतं आणि कुणीही मागू शकतं. हवा पण पंपावर फुकट, पंधरा दिवसातून एकदा टायर बघून घे. भाव २०१७ च्या जूनपासून रोज सकाळी सहाला बदलू शकतात, त्यामुळे पूर्वी भाववाढीच्या आदल्या रात्री लोक रांगा लावायचे तसं धावायचं कारण उरलं नाही.

आता स्वयंपाकघर. सिलेंडर आला की तारीख कॅलेंडरवर लिहायची, दोघांना किती दिवस पुरतो ते कळायला हवं. आणणाऱ्या माणसाकडे वजनकाटा असतो, नसेल तर माग. सिलेंडरच्या वरच्या भागावर रिकाम्याचं वजन रंगाने लिहिलेलं असतं, समजा १५.३ आहे तर त्यात १४.२ मिळवायचे, काट्यावर साडेएकोणतीस किलो दिसायला हवेत. बऱ्यापैकी कमी दिसला तर घेऊच नकोस, तो कुरकुरेल, कुरकुरू दे. तूरडाळ अर्धा तास भिजत घालून कुकरला लाव, शिट्टी झाली की गॅस बारीक. ज्योत पिवळी यायला लागली, भांड्यांची बुडं काळी झाली की बर्नर साफ करायचा, ती काजळी म्हणजे न जळलेला गॅस, तुझेच पैसे. इंडक्शन आहे ना घरात, चहा-दूध त्यावर कर. आणि "शंभर युनिटच्या वर गेलं की सगळं बिल महाग होतं" हे तुझ्या शेजारच्यांचं ऐकू नकोस, वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. हां, पण तो वरचा दर बराच जास्त असतो, म्हणून गिझर चालू ठेवून विसरायचं नाही.

डिझेल वाढलं की नारायणगावचा टोमॅटो पण वाढतो, आणि डिझेल उतरलं की भाव तेवढे उतरत नाहीत, हे गृहीत धर. किराणा-भाजीच्या पैशात थोडी ढील ठेव, सगळं कापून बसू नकोस, महिनाभरात वैतागशील आणि मग स्विगीवर दुप्पट घालवशील.

गावाला कराडला जाताना मात्र एसटीचा विचार कर. बायकोला अर्धं तिकीट, २०२३ च्या मार्चपासून सगळ्या बायकांना आहे. कारने जाऊन-येऊन पेट्रोल आणि टोल मिळून दोन हजाराच्या पुढे जातं. सामान खूप असेल, आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी ने, तिथे काटकसर नको.

महिना झाला की रीडिंगचा फोटो पाठव, मग बसून बघू. कारचे दिवस वेगळे लिही, लपवू नकोस.

— ताई