गृहविज्ञान म्हणजे पोळ्या लाटायच्या का?

"मॅडम, बारावीला बहात्तर टक्के घेऊन पोरीने मुंबईत जाऊन पोळ्या लाटायच्या?"

हर्णैचे एक मच्छीमार भाऊ लेकीला घेऊन माझ्याकडे प्रवेशाचा सल्ला विचारायला आले होते. पावसाळी मासेमारी बंदी, होडी वर ओढलेली, म्हणून सवड. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मुलीला 'मानव विकास' शिकायचं होतं, पण फॉर्मवर गृहविज्ञान शाखा वाचून भाऊ बिथरले. दर जूनला हा प्रश्न माझ्याकडे येतोच.

सोबत चार वर्षांचा पुतण्याही होता. मोबाइलसाठी त्याने भोकाड पसरलं. मुलीने माझ्या टेबलावरचा शिंपल्यांचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. "सारखे सारखे वेगळे कर बघू." त्याने आधी रंगाने लावले, मध्येच आकाराने लावू लागला. भाऊ म्हणाले, "अरे, चुकलास!" ती मात्र फक्त म्हणाली, "हा इथे का ठेवलास?"

मी भाऊंना म्हटलं, तो चुकला नाही. या वयात एकच खूण शेवटपर्यंत धरून ठेवणं जड जातं. मूल कसं विचार करतं, म्हातारपणी माणूस का चिडतो, घरातल्या एकाच्या दारूने बाकीच्यांचं काय होतं, हे मानव विकासात शिकवतात. पोळ्या तुमच्या घरीच लाटतेय की ती! आणि महिला विद्यापीठ (आजचं एसएनडीटी) १९१६ साली काढणारे धोंडो केशव कर्वे तुमच्या शेजारच्या मुरुडचेच. त्याच विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात हा विषय शिकवतात.

भाऊ जरा सैलावले. मग मी लेकीचे कान उपटले. "मला लोकांना मदत करायचीय" या वाक्यावर मी कुणालाही प्रवेश घेऊ देत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, व्हायचं तर वाट वेगळी: मानसशास्त्रात एमए आणि पुढे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक व्हायचं तर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. मानव विकास घेऊन बालवाडी, विशेष मुलांच्या शाळा, संस्थांचे प्रकल्प, अंगणवाडीची मुख्यसेविका अशा वाटा आहेत. सुरुवातीचा पगार बेताचाच. एमए-एमएस्सी केल्याशिवाय समुपदेशकाची खुर्ची मिळेल असं धरून चालू नकोस.

"आधी पंधरा दिवस गावच्या अंगणवाडीत बस," मी सांगितलं. "कंटाळलीस तर आत्ताच कळेल."

ती म्हणाली, "मागच्या मे महिन्यात बसले होते. सेविकाताई आजारी होत्या."

हे भाऊंनाही ठाऊक नव्हतं. ते थोडा वेळ शिंपल्यांकडे बघत राहिले.

"ऑगस्टात होडी लोटली की मला यायला जमायचं नाही. फॉर्मची शेवटची तारीख कधी? नि हॉस्टेलचं किती पडेल?"