तुमचे प्रश्न : फाटकापासून गॅरेजपर्यंत डांबर

प्रश्न : आमच्या फाटकापासून गॅरेजपर्यंत १८ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद मोकळी जागा आहे. तिथे डांबर टाकायचं ठरलंय, पण ‘घरापुढे रस्ता आणून ठेवल्यासारखं दिसेल’ असं घरात सगळेच म्हणतात. मधोमध नक्षी, लाल डांबर, नागमोडी वळण अशा कल्पना निघाल्या आहेत. ठेकेदार म्हणतो, ‘टारमॅक’ करून देतो. ते डांबरापेक्षा वेगळं असतं का?

उत्तर : शेवटचं आधी उरकते. १९०१ मध्ये इंग्लंडातल्या डर्बीशायरमध्ये एका रस्त्यावर डांबराचं पिंप सांडलं आणि त्यावर कुणीतरी लोखंडाच्या कारखान्यातली मळी पसरली. तेवढ्याच तुकड्यावर धूळ नाही, चाकोरी नाही, हे रस्त्यांचं काम पाहणारे एडगर पर्नेल हूली यांच्या नजरेत भरलं आणि १९०२ मध्ये त्यांनी त्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. ‘टारमॅक’ हे नाव तेव्हाचं. त्यातलं ‘टार’ दगडी कोळशाचं होतं. आता त्या जागी खनिज तेलातून निघणारं बिटुमेन वापरतात, नाव मात्र टिकलं. तेव्हा ठेकेदार आणि तुम्ही बोलताय ते एकाच गोष्टीबद्दल.

आता घरच्यांची तक्रार. घरापुढचं डांबर रस्त्यासारखं दिसतं ते बहुतेक वेळा कडांमुळे. धड कड नसते, डांबर कुठेतरी मातीत विरून जातं आणि काम अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. माझं ऐकाल तर नक्षीसाठी बाजूला काढलेले पैसे कडेला लावा.

हे मी ठेच लागून शिकले. ३० वर्षं रस्त्यांच्या कामावर उभी राहिले आणि स्वतःच्या दारात मात्र ‘कड नंतर बघू’ म्हणाले. तिसऱ्या वर्षी कडेची ढेकळं चपलेच्या टोकाने निघायला लागली. त्यात चूक सर्वस्वी माझी. बाजूने आधार नसला की रोलर कडेला नीट दाब देऊ शकत नाही, खडी सैल राहते, पाणी शिरतं आणि एखाद्या दिवशी चाक नेमकं तिथूनच जातं.

तेव्हा कड आधी बसवा, डांबर नंतर. १०० मिमीचे चौकोनी दगडी ठोकळे किंवा भाजक्या विटा, दोन ओळींत. खाली काँक्रीटचा थर आणि मागून काँक्रीटचीच टेकण हवी. नुसते मातीत खोचलेले दगड वर्षभरात बाहेर कलतात. दगडाचा रंग घराच्या जोत्याशी किंवा कुंपणाच्या भिंतीशी जुळता घ्या. काळ्या पृष्ठभागाला हलक्या राखाडी रंगाची चौकट आली की वाट आखीव दिसते, आणि रात्री गाडी मागे घेताना कड आरशात दिसते हा वरचा फायदा. उतार ज्या बाजूला आहे तिथली कड मात्र डांबराच्या पातळीला किंवा किंचित खाली ठेवा. उंच ठेवलीत तर पाणी तिथेच तुंबेल.

तोच दगड फाटकाशी आणि गॅरेजच्या तोंडाशी एकेक मीटर आडवा लावा. फाटकाशी रस्ता संपून घर सुरू झाल्याची खूण होते. शिवाय चाकं जागच्या जागी वळवली जातात ती बहुधा गॅरेजपुढेच, आणि नव्या डांबराला सर्वांत जास्त ओरखडे त्यानेच पडतात. तिथे दगड असलेला बरा.

नागमोडी वळणाचा बेत कागदावर ठरवू नका. जमिनीवर दोरी टाकून दोन्ही कडा आखा, गाडीसमोर पाण्याचं पसरट थारोळं करा आणि गाडी त्यातून हळू पुढे न्या. ओल्या चाकांच्या खुणा बघा. मागचं आतलं चाक पुढच्याच्या खुणेवरून जात नाही, ते वळणाच्या आतल्या अंगाला सरकतं. दोरीच्या बाहेर ओली रेघ दिसली, तर तिथे लावलेलं झाड गेलंच म्हणून समजा. १८ मीटरमध्ये एक सैलसर वळण शोभतं. दोन काढलीत तर रोज सकाळी मनातल्या मनात मला शिव्या द्याल. आणि रुंदीचं म्हणाल तर ३ मीटर गाडीला पुरतात, पण दार उघडून उतरणाऱ्या माणसाचा पाय चिखलात जातो. गाडी उभी राहते तेवढ्या भागात तरी ३.६ मीटर करा.

लाल डांबराबद्दल जरा सबुरीने घ्या. काळ्या बिटुमेनमध्ये लोहाचा लाल रंग घातला की विटकरी-तपकिरी छटा येते, ठेकेदाराच्या चित्रातला लाल येत नाही. उजळ रंगाला रंगहीन बंधक, म्हणजे खडी धरून ठेवणारा चिकट पदार्थ, लागतो आणि तो महाग पडतो. दुसरं असं, की वापराने वरचं बिटुमेन झिजलं की खडीचा मूळ रंग उघडा पडतो. म्हणून लालच हवा असेल तर वरच्या थरातली खडीही लालसर मागा. साधं काळंही कायम काळं राहत नाही; ऊन आणि हवा लागून राखाडी होतं. मला तेच आवडतं.

मधोमध नक्षी नको. डांबर आणि दगड यांच्यातला प्रत्येक सांधा म्हणजे पाण्याला एक वाट, आणि पुढे ठिगळ लावायची वेळ आली की नक्षी तिथेच मोडते.

खालचं काम न दिसणारं असतं म्हणून तिथेच हात आखडता घेतला जातो. दाबलेल्या खडीचा साधारण १५० मिमीचा थर, त्यावर जाड खडीचा ५० ते ६० मिमीचा डांबरी थर, सर्वांत वर बारीक खडीचा २५ ते ३० मिमीचा, इतकं तरी मागा. उतार ४० ला १, म्हणजे ३ मीटर रुंदीत ७५ मिमी, आणि तो घरापासून लांब. वाटेची पातळी भिंतीतल्या ओल अडवणाऱ्या थराच्या किमान १५० मिमी खाली असावी. गॅरेजकडे उतार येत असेल तर दारापुढे जाळीची नाली हवीच.

प्रश्न : नवीन डांबरावर मोटरसायकलचा साइड स्टँड रुततो. माल खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. काळा पृष्ठभाग ऊन शोषतो, बिटुमेन मऊ होतं आणि स्टँडच्या टोकाखाली मोठा भार इवल्याशा जागेवर येतो. पहिल्या वर्षभरात हे जास्त होतं. स्टँडखाली लोखंडी किंवा लाकडी पट्टी ठेवा, जॅक लावतानाही फळी घ्या. पेट्रोल किंवा डिझेल सांडलं तर लगेच कोरड्या वाळूने टिपून साबणाच्या पाण्याने धुवा, कारण बिटुमेन त्यात विरघळतं. आणि रोज गाडी उभी करायची जागा थोडी बदलत राहा.