‘बेड मोकळा झाला’ असं मनात आलं म्हणून

पत्र :
मी सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख आहे. वय ४७, नोकरीला २३ वर्षं झाली. सिस्टर टिकत नाहीत. कुणी पुण्याला जातं, कुणी परदेशात. ड्युटी लिस्ट लावून होते न होते तोच कुणीतरी आजारी पडतं. रात्री दोनलाही फोन येतो. संध्याकाळी घरी पोचले की जिन्याखाली स्कूटीवर तशीच बसून राहते, हेल्मेटही काढत नाही. वर जावंसं वाटत नाही. परवा आयसीयूतले एक आजोबा गेले. इन्चार्ज सिस्टरचा फोन आला तेव्हा मनात पहिलं आलं, चला, बेड मोकळा झाला. मी अशी नव्हते. सगळे म्हणतात, मॅडम, तुम्ही आहात म्हणून चाललंय. नोकरी सोडू का?
– एक मेट्रन

ताई,

त्या आजोबांबद्दल तुम्ही लिहिलंत, ते बरं केलंत. लिहिताना हात अडखळला असेल. माया आटली असती तर मनात आलेला तो विचार तुम्हाला टोचलाच नसता. मन थकून बधिर झालंय, एवढाच त्याचा अर्थ मी घेते.

याला बर्नआउट म्हणतात. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं हा शब्द वापरला तोही दवाखान्यातल्याच माणसांसाठी, न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात झिजणाऱ्या स्वयंसेवकांना बघून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या : अंगातलं त्राण जाणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमच्या पत्रात पहिल्या दोन तर सरळच दिसतात. संघटनेनं याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण निस्तरला न गेल्यामुळे ही अवस्था येते, असं म्हटलंय. म्हणून सांगते, खोट स्वतःच्या स्वभावात शोधत बसू नका. ती ड्युटी लिस्टमध्ये आहे.

‘तुम्ही आहात म्हणून चाललंय’ हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. म्हणणाऱ्यांचं मन चांगलं असेल, पण त्या कौतुकाखाली माणूस दबतो. आपल्या गावात तर सोसण्याला फार मान. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ मध्ये चीनला गेले, तिथल्या लष्करी रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, फिट्स येऊन, ३२व्या वर्षी गेले. लहानपणापासून आपण त्यांच्या त्यागाची गोष्ट ऐकतो. मला मात्र आता त्यातला ३२ हा आकडा सलतो. त्यांच्याभोवती युद्ध होतं, जागा घ्यायला दुसरं माणूस नव्हतं. तुमच्याकडे चार वॉर्डांच्या चार इन्चार्ज असतील. त्यांच्यावर काय सोपवता येईल, तिथूनच सुरुवात करू.

आधी रात्रीचा फोन. आठ दिवस उशाशी वही ठेवा. कुणाचा फोन आला, कशासाठी आला आणि तो तुमच्याशिवाय सुटला असता का, एवढंच लिहा. बरेचसे फोन ‘मॅडमना विचारलेलं बरं’ या भीतीपोटी येतात, असं तुम्हाला दिसेल असा माझा अंदाज आहे. मग ज्येष्ठ इन्चार्जना पाळीपाळीनं रात्रीची जबाबदारी द्या आणि त्यांचे अधिकार कागदावर लिहून द्या : कुठल्या वॉर्डातून सिस्टर हलवायची, बेड कुणाला द्यायचा, कुठल्या दोनतीन प्रसंगांतच तुम्हाला उठवायचं. पहिल्या महिन्यात त्या चुकतील. चुकू द्या, सकाळी सोबत बसून निस्तरा. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवणुकीतला तो उंच नंदीध्वज किती जड असतो हे तुम्ही पाहिलंय. पेलणारे पाळीपाळीनं बदलतात, म्हणून तर तो अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर फिरतो.

मग व्यवस्थापन. तिथं तोंडी गाऱ्हाणं नको. गेल्या तीन महिन्यांत किती जागा रिकाम्या होत्या, किती डबल ड्युट्या झाल्या, किती जणींचा ऑफ बुडाला, हे एका पानावर मांडून लेखी द्या आणि पोच घ्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के जादा माणसं धरलेली असतात. तुमच्याकडे ती आहेत का, हा प्रश्न त्या पानावर असू द्या. आजवर ती कमतरता तुम्ही अंगावर घेतलीत, म्हणून वर कुणाला ती जाणवलीच नाही.

नोकरीचं आत्ता ठरवू नका. एवढ्या थकव्यात घेतलेला निर्णय पुढं पटेलच असं नाही. आधी पंधरा दिवसांची सलग रजा घ्या, आणि त्या दिवसांत हॉस्पिटलचा फोन दुसऱ्या कुणाकडे जाईल अशी सोय करा. परत आल्यावरही त्या पानाला उत्तर नसेल, तर खुशाल दुसरीकडे बघा. त्यात पळपुटेपणा काही नाही.

एक तपासणीही उरकून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बीपी. या वयात पाळीच्या बदलांनीही झोप उडते, हे तुम्ही पेशंटना सांगत असाल. स्वतःचं मात्र राहून जातं. आणि घरीही, सुट्टीतही, दोन आठवडे सतत उदास वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नको असं क्षणभर जरी मनात आलं, तर त्याच दिवशी जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

त्या रात्री आजोबांजवळ जी सिस्टर होती, तिला उद्या चहाला बोलवा. ती कशी आहे, विचारा. आजोबांबद्दल काय आठवतं, तेही विचारा. दहा मिनिटं पुरेत.

जिन्याखाली बसावंसं वाटलं तर बसा. हेल्मेट तेवढं काढून ठेवत जा. आणि रजेचा अर्ज दिलात की मला कळवा, मी वाट बघते.